गंभीर दुखापतीनंतर खेळाडूच्या मनाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुखापतीनंतरच्या व्यायामाचं काम करते. लिगामेंट तुटलेले, हाड मोडलेले, खांदा निखळलेले, डोक्याला मार बसलेले खेळाडू येतात आणि सूज, टाके, व्यायाम यांबद्दल भरभरून विचारतात. मनाबद्दलचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा शेवटी येतो. निघता निघता, दाराची कडी हातात धरून विचारतात, ''अजून एक होतं...'' पुढचे प्रश्न त्या दाराशी गोळा झालेले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुखापत गुडघ्याची आहे. मग सारखं रडू का येतं, चिडचिड का होते?

खेळ थांबला की दिवसाची सगळी घडी मोडते. पहाटेचा सराव, अंग मोडून आल्यावर लागणारी गाढ झोप, संघातल्यांची थट्टामस्करी, भिंतीवर लिहून ठेवलेली पुढच्या स्पर्धेची तारीख हे सगळं एका क्षणात जातं. त्यातच वेदना असते, झोपमोड असते आणि आंघोळीला जायलाही दुसऱ्याचा हात लागतो. शिवाय रोजचा भरपूर व्यायाम हा तुमच्या मनाचा मोठा आधार होता. राग, ताण, धाकधूक तुम्ही मैदानावर घामावाटे काढून टाकत होता. आता ताण दुप्पट झाला आणि तो काढायची वाटच बंद झाली. अशा वेळी रडू आलं नाही तरच आश्चर्य.

२. हे किती दिवस चालतं?

पहिले काही आठवडे बहुतेकांना सर्वांत जड जातात. मग कुबड्या सुटतात, स्थिर सायकल चालवता येते, रोज काहीतरी नवं जमू लागतं आणि मन वर येतं.

फसगत होते ती त्यानंतर. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटच्या ऑपरेशनचंच घ्या. त्यातून मैदानावर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वेदना गेलेली असते, भेटायला येणारेही थांबलेले असतात, आणि खेळायला तर अजून बराच अवकाश असतो. हा काळ नुसता रखडल्यासारखा जातो. पुढे परतायची तारीख जवळ आली की काळजी पुन्हा उचल खाते. घरच्यांना कळत नाही की आता सगळं संपत आलं असताना ही गप्प का झाली. हा दुसरा उतार अनेकांच्या वाट्याला येतो, तेव्हा त्याला 'मी परत मागे गेलो' असं समजू नका. या दुसऱ्या उतारातली भीती वेगळी असते. तिच्याबद्दल प्रश्न ८ आणि ९ पाहा.

३. दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणतात. मी अजून दुसऱ्यातच अडकलोय का?

नाकारणं, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार ही मांडणी १९६९ साली पुढे आली. ती मरणासन्न रुग्णांशी केलेल्या बोलण्यावर आधारलेली होती. जखमी खेळाडूंचं मन असं पायरी-पायरीने चालत नाही. सकाळी शांत असलेला माणूस संध्याकाळी सहकाऱ्याचा फोटो पाहून भडकतो आणि रात्री पुन्हा हसतो. तुम्ही कुठेही अडकलेले नाही, कारण असा ठरलेला जिनाच नाही.

४. लोक विचारतात 'सध्या काय करतोस?' आणि मला उत्तरच देता येत नाही. असं का होतं?

'मी धावपटू आहे' हे तुमच्या लेखी नुसतं कामाचं वर्णन नव्हतं, ती तुमची ओळख होती. मानसशास्त्रात याला खेळाडू म्हणून असलेली ओळख म्हणतात आणि ती मोजण्यासाठी १९९३ पासून एक प्रश्नावलीही वापरात आहे. ही ओळख घट्ट असण्याचा फायदा मोठा आहे. पहाटे चारला तीच तुम्हाला अंथरुणातून उठवते. पण माणसाने सगळा भार या एकाच खांबावर टाकला असेल, तर खांब हलला की छप्परही हलतं. म्हणून तीच दुखापत एकाला निराश करते आणि दुसऱ्याला पार मोडून टाकते.

यावर 'खेळ विसर, दुसरं काहीतरी बघ' हा सल्ला निरुपयोगी आहे, आणि दुखावणाराही. खेळाशी नातं ठेवून आणखी एखादा खांब उभा करता येतो. ज्युनियर मुलांना तंत्र दाखवा, सामन्यांची चित्रफीत पाहून नोंदी काढा, राहून गेलेली परीक्षा द्या. एक खेळाडू या काळात पंच परीक्षेच्या अभ्यासाला लागला. परत खेळायला उतरला तेव्हा म्हणाला, ''नियमच आता वेगळे दिसतात.''

५. संघाचे सामने बघवत नाहीत. तरी मैदानावर जायला हवं का?

हळूहळू जायला हवं. आपल्या जागेवर दुसरा खेळताना पाहून पोटात ढवळतं, तो चांगला खेळला की आणखीच ढवळतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. हा मत्सर अगदी साधा, मानवी आहे. तो वाटला म्हणून तुम्ही वाईट सहकारी ठरत नाही. पण पूर्ण तुटून राहिलात तर परतताना दुखऱ्या पायाबरोबर परकेपणाशीही झगडावं लागतं. सामन्याऐवजी आधी सरावाला जा. प्रशिक्षकाकडून एखादं ठोस काम मागून घ्या, मग आकडे टिपणं असो की वॉर्म-अप घेणं. बाकावर रिकाम्या हाताने बसणं सर्वांत अवघड असतं.

६. नुसती उदासी आणि नैराश्य यांतला फरक कसा ओळखायचा?

दोन गोष्टी बघा. उदासी किती सलग आहे आणि तिने रोजचं काय काय बंद पाडलं आहे. साध्या उदासीत मधेच उघडीप मिळते. मित्र आला की हसू येतं, व्यायामात प्रगती झाली की बरं वाटतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, व्यायामाला दांडी पडत असेल, 'माझा काही उपयोग नाही' हे वाक्य डोक्यात घर करून बसलं असेल, तर ती तपासणीची वेळ आहे. डॉक्टर यासाठी नऊ प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे, स्वतःहून मागा.

जगण्यात अर्थ नाही, मरून जावं, असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका. आज, आत्ता, घरातल्या एका माणसाला सांगा आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर रात्री-अपरात्रीही बोलता येतं. आणि जो हे ऐकेल त्याने जखमी माणसाला एकटं सोडू नये.

७. तो क्षण सारखा डोळ्यांसमोर येतो. तो 'कट्' असा आवाजही ऐकू येतो. हे वेड आहे का?

नाही. लिगामेंट तुटताना आवाज आल्याचं अनेक जण सांगतात आणि तो आवाज स्मरणात रुतून बसतो. पहिल्या आठवड्यांत तो क्षण पुन्हा पुन्हा आठवणं, स्वप्नात येणं, झोपेतून दचकून उठणं स्वाभाविक आहे. बहुतेकांच्या बाबतीत आठवण हळूहळू फिकी होते. महिना उलटूनही ती तितकीच जिवंत असेल, तुम्ही ती जागा, तो खेळ, तो विषयच टाळत असाल, बारीकशा आवाजाने अंग ताठत असेल, तर ही आघातानंतरच्या तणावविकाराची लक्षणं असू शकतात. त्यावर चांगले उपचार आहेत, पण ते प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून घ्यायचे. मित्रांना तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे उपचार नव्हे.

टेनिसपटू मोनिका सेलेस हिचं उदाहरण इथे आठवतं. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बर्गमध्ये सामना चालू असताना एका प्रेक्षकाने तिच्या पाठीत चाकू खुपसला. ती तेव्हा १९ वर्षांची आणि जगात पहिल्या क्रमांकावर होती. जखम काही आठवड्यांत भरली, पण स्पर्धेत उतरायला ऑगस्ट १९९५ उजाडला. तिच्यावर झाला तो हल्ला होता, खेळातली दुखापत नव्हे. तरी जखम भरण्याचा वेळ आणि माणूस सावरण्याचा वेळ किती वेगळे असू शकतात हे तिच्याकडे पाहून कळतं.

८. डॉक्टरांनी परवानगी दिली, सगळ्या चाचण्या पास झाले. तरी मैदानावर पाय टाकवत नाही. माझं काय चुकतंय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तरही लांब आहे.

व्हॉलीबॉल खेळणारी एक मुलगी होती. ऑपरेशनला दहा महिने झालेले. एका पायावर उडी मारून अंतर मोजण्याची चाचणी दोन्ही पायांवर जवळजवळ सारखी आलेली, मांडीच्या स्नायूची ताकदही भरून निघालेली. मग ती जाळीपाशी उभी राहिली. चेंडू वर गेला, ती उडाली, आणि खाली येताना तिचं शरीर किंचित डावीकडे कललं. सगळा भार चांगल्या पायावर. मी विचारलं तर म्हणाली, ''दोन्ही पायांवर उतरले ना!'' मोबाइलवर टिपलेलं दृश्य दाखवलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. बोटाने ते मागे नेलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा मागे नेलं.

ती खोटं बोलत नव्हती. दुखापत ज्या हालचालीत झाली ती हालचाल मेंदू धोक्याची म्हणून नोंदवून ठेवतो. तशी वेळ आली की लक्ष चेंडूवरून गुडघ्याकडे जातं, स्नायू आधीच आवळले जातात आणि निर्णयाला क्षणभर उशीर होतो. याला हालचालीची धास्ती म्हणतात. ती इच्छाशक्तीने दाबता येत नाही, कारण बऱ्याचदा ती जाणवतच नाही.

तुम्ही एकट्या नाही हे आकड्यांतही दिसतं. एसीएलच्या ऑपरेशननंतर किती जण मैदानावर परततात, याचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६९ अभ्यास आणि साडेसात हजारांवर रुग्ण होते. ८१ टक्के कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर पोचले, आणि स्पर्धेत परतलेले जेमतेम ५५ टक्के होते. ज्यांचा गुडघा तपासणीत चांगला ठरला त्यांच्यातलेही बरेच जण परतले नाहीत. या दरीमागे जी कारणं सापडतात त्यांत पुन्हा दुखापत होण्याची भीती वरच्या क्रमांकावर आहे.

डॉक्टरांची परवानगी म्हणजे गुडघा भार सोसू शकतो एवढंच. तुम्ही तो भार टाकायला तयार आहात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा तपासावा लागतो. एसीएलसाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तयार केली. तिच्यात भावना, आत्मविश्वास आणि धोक्याचा अंदाज यांबद्दल विचारतात. माझ्या मते ताकदीच्या चाचणीइतकंच हिलाही वजन द्यायला हवं आणि ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये. ऑपरेशनआधी आणि चौथ्या महिन्यात खेळाडूच्या मनाची जी अवस्था असते, तिच्यावरून वर्षभराने तो परतेल का याचा बराच अंदाज येतो, असं अभ्यासात दिसलं आहे. मनाचं काम पहिल्या आठवड्यापासून व्हायला हवं ते यासाठी.

९. मग ही भीती घालवायची कशी?

पायऱ्या करून. ज्या ज्या गोष्टीची भीती वाटते ती कागदावर लिहा आणि प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्या. तीन-चार गुणांच्या गोष्टीपासून सुरुवात करा. ती इतक्यांदा करा की भीती निम्म्यावर येईल, मग पुढची.

फुटबॉलपटूची यादी साधारण अशी असते. आधी स्वतःच्या मर्जीने दिशा बदलणं. मग ठरलेल्या खुणेवर, नंतर अचानक दिलेल्या खुणेवर. त्यानंतर समोर एक खेळाडू, पण अंगाला न लागता. मग हलकी टक्कर, छोट्या मैदानावरचा खेळ, सामन्यातली शेवटची पंधरा मिनिटं. ज्या हालचालीत दुखापत झाली नेमकी तीच हालचाल यादीत हवी. ती वगळली तर भीती तिथेच दबा धरून बसते.

दोन गोष्टींनी फरक पडतो. लक्ष शरीराबाहेर ठेवा. 'गुडघा आत जाऊ देऊ नको' यापेक्षा 'जमीन मागे ढकल' ही सूचना शरीराला लवकर समजते. आणि भीती शून्य होण्याची वाट पाहू नका. दहावरून तीनवर आली की खेळता येतं. उरलेली सामन्यातच जाते.

१०. नी-कॅप किंवा ब्रेसशिवाय खेळायची हिंमतच होत नाही. सवय लागेल का?

आधार म्हणून वापरायला हरकत नाही, पण गरज किती आहे ते डॉक्टरांना विचारा. गोलरक्षक पेटर चेक याच्या कवटीला ऑक्टोबर २००६ मध्ये फ्रॅक्चर झालं. जानेवारी २००७ मध्ये तो संरक्षक टोपी घालून परतला आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती घालूनच खेळला. त्यात काही कमीपणा नव्हता. मात्र ब्रेस घातला म्हणून व्यायाम सोडलात किंवा ब्रेस घरी विसरलात म्हणून सराव रद्द केलात, तर तो ब्रेस प्रश्न ९ च्या यादीत लिहायची वेळ झाली आहे. आधी सोप्या सरावात काढून बघा.

११. मनात चित्र पाहून सराव केल्याने खरंच काही होतं का?

होतं, नीट केलं तर. २००१ साली एसीएलच्या ३० रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या व्यायामाबरोबर शरीर सैल सोडणं आणि मनातली चित्रं हे शिकवलं, त्यांच्या गुडघ्याची ताकद २४ आठवड्यांनी अधिक होती, वेदना आणि पुन्हा दुखापतीची चिंता कमी होती. अभ्यास लहान आहे, पण खर्च काहीच नाही आणि प्लास्टरमध्येही करता येतं.

डोळे मिटून स्वतःला बाहेरून पडद्यावर पाहू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बुटांच्या खिळ्यांखालची माती, हातातल्या बॅटचं वजन, श्वासाचा आवाज, सगळं आणा. वेगही खराच ठेवा. रोज दहा मिनिटं पुरतात. चित्रात दरवेळी दुखापतच होत असेल तर थांबा आणि प्रश्न ७ पाहा.

१२. मला अजिबात भीती नाही. उलट कधी एकदा उतरतो असं झालंय. मग चिंता कसली?

घाईची. भीतीमुळे माणूस अवघडून खेळतो, तर घाईमुळे अर्धवट भरलेल्या लिगामेंटवर खेळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात असं दिसलं की एसीएलच्या ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानावर परततात, त्यांच्यात चारांपैकी जवळजवळ एकाला या ना त्या गुडघ्यात दुसरी एसीएल दुखापत होते.

कधी कधी 'भीती नाही' हे दाखवण्यापुरतं असतं. १ ऑगस्ट १९७६ रोजी मोटारशर्यतीत भाजून मरणाच्या दारात गेलेला निकी लाउडा सहा आठवड्यांत मोंझाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला. सगळ्यांना सांगितलं की भीतीवर मात केली आहे. ते खरं नव्हतं, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. तुमच्या बाबतीत काय आहे हे निदान एका माणसाला खरंखरं सांगा.

१३. माझ्यावर तेव्हा खूप ताण होता. त्यामुळे दुखापत झाली का?

ताणामुळे धोका वाढतो, हे खरं आहे. १९८८ साली दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रारूपानुसार ताणाखाली स्नायू आखडतात, लक्ष विखुरतं आणि कडेने येणारा खेळाडू उशिरा दिसतो. पुढच्या संशोधनानेही याला बराच दुजोरा दिला. पण यावरून 'माझ्यामुळेच झालं' असं स्वतःला कोसत बसू नका. ओलं मैदान, थकवा, समोरच्याची धडक अशी दहा कारणं एकत्र येतात. या माहितीचा उपयोग पुढच्यासाठी आहे. परीक्षा, घरातली अडचण, झोपेचं खोबरं अशा आठवड्यात सरावाचा जोर कमी करायला सांगा.

१४. डोक्याला मार बसल्यापासून स्वभावच बदललाय. हाही मनाचा परिणाम का?

इथे नियम वेगळे आहेत. डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसला की चिडचिड, रडू, विसराळूपणा, झोपेची गडबड ही मेंदूच्या दुखापतीचीच लक्षणं असू शकतात. त्यांना 'मनावर घेतलंय' म्हणून झटकू नका. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि मग लक्षणं फारशी न वाढवणारा हलका व्यायाम हा आजचा सल्ला आहे. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा जुना सल्ला मागे पडला आहे, कारण त्याने उदासी वाढते. चार आठवड्यांनंतरही लक्षणं टिकली तर या विषयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावं. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी किंवा आकडी (फिट) यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.

आणखी एक त्रास म्हणजे प्लास्टर नाही, कुबडी नाही, त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही. 'नाटक करतोय' हे ऐकून घेणाऱ्या खेळाडूला घरच्यांच्या शब्दाची फार गरज असते.

१५. तीच दुखापत दुसऱ्यांदा झाली. आता पुन्हा ते सगळं करायची ताकद नाही.

पहिल्या वेळी पुढे काय आहे हे माहीत नसतं. दुसऱ्या वेळी प्रत्येक महिना माहीत असतो, म्हणून ती जास्त जड जाते. बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिन हिचा २०१९ मध्ये उजवा गुडघा गेला, २०२१ मध्ये डावा, त्यामुळे टोकियो ऑलिंपिक हुकलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही ती पुढे असताना उजवा गुडघा पुन्हा गेला. कोर्टवर गुडघ्यांवर बसून रडणारी मारिन ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. विनेश फोगाट २०१६ मध्ये रिओत स्ट्रेचरवरून बाहेर गेली, २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं, २०२३ मध्ये पुन्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि २०२४ मध्ये ती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली.

ही नावं 'तुम्हीही जिद्द दाखवा' म्हणून दिलेली नाहीत. परतायचं की नाही याचा निर्णय पहिल्या सहा आठवड्यांत घेऊ नका, एवढंच सांगायचं आहे. आधी चालणं, जिना, झोप. खेळाचं नंतर बघू. नको ठरलं तर प्रश्न २० पाहा.

१६. त्याने मुद्दाम पाय घातला. राग जात नाही. (आणि उलट: माझ्यामुळे समोरच्याचं हाड मोडलं.)

राग खरा आहे, तो दाबू नका. पण रोज रात्री तो प्रसंग उगाळण्यात जाणारी शक्ती व्यायामातून वजा होते. न पाठवण्याचं एक पत्र लिहा, किंवा कुणापाशी तरी मोकळेपणाने बोला. नियमभंगाची तक्रार करायची असेल तर ती रीतसर करून मोकळे व्हा.

ज्याच्या हातून दुसऱ्याला इजा झाली त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तो खेळतो, पण टॅकल अर्धा सोडतो, आखूड चेंडू टाकायचा थांबतो. त्यालाही प्रश्न ७ मधली लक्षणं होऊ शकतात. जमत असेल तर जखमी खेळाडूला भेटा. दोघांनाही बरं वाटल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

१७. आमची मुलगी १५ वर्षांची आहे. ती काही बोलतच नाही. आम्ही काय करावं?

'कसं वाटतंय?' असं समोर बसवून विचारलं की या वयाची मुलं 'ठीक' म्हणतात. फिजिओकडे नेता-आणता गाडीत, बर्फाने शेकताना, डोळ्यांत डोळे न घालता बोलणं सोपं जातं. 'लवकर बरी हो, निवड चाचणी आहे' यात तिला तुमची काळजी ऐकू येते आणि ओझंही. खेळाशिवायच्या गोष्टींवर तिच्याशी बोला. ती मैदानावर नसतानाही तुम्हाला तितकीच हवी आहे, हे वागण्यातून दिसू द्या. जेवण कमी करून वजन रोखायचा प्रयत्न चालू आहे का यावर लक्ष ठेवा. सराव थांबल्यावर मुलींमध्ये हे चोरपावलांनी सुरू होतं, मुलांमध्येही होतं.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. परत खेळायची घाई तिला आहे की तुम्हाला? प्रश्न २१ वाचून बघा.

१८. मी प्रशिक्षक आहे. जखमी खेळाडूशी काय बोलावं?

दर आठवड्याला एक फोन, तारीख न विचारता. 'कधी येतोयस?' ऐवजी 'या आठवड्यात काय नवं जमलं?' सरावाच्या गटातून त्याचं नाव काढू नका. 'जागा तुझीच आहे' असं वचन पाळता येणार नसेल तर देऊ नका. खोटं वचन खेळाडू वर्षानुवर्षं विसरत नाहीत. इतरांसमोर 'घाबरलास का?' कधीही विचारू नका. त्या एका वाक्याने तो पुढची सगळी दुखणी लपवायला शिकतो.

१९. कुणाकडे जायचं? औषध घेतलं तर डोपिंगमध्ये अडकेन का?

भीती, आत्मविश्वास, परतीची तयारी यांसाठी क्रीडा मानसशास्त्रज्ञ. आघात किंवा नैराश्यावर बोलून करायच्या उपचारांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. सुरुवात फिजिओपासूनही होऊ शकते, कारण आठवड्यात तुम्हाला सर्वांत जास्त वेळा तोच भेटतो.

नैराश्यावर नेहमी दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत नाहीत. मात्र मानसिक आजारांवरची काही वेगळी औषधं, उदाहरणार्थ उत्तेजक गटातली, स्पर्धाकाळात बंदी असलेली आहेत. तुम्ही चाचणीच्या कक्षेत येत असाल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तसं सांगा आणि प्रत्येक औषध यादीत तपासा. वेदनाशामकांबद्दलही तेच. ती वेदनेसाठी घ्या. झोप यावी, विसर पडावा म्हणून घेऊ लागलात, किंवा त्यासाठी दारू लागू लागली, तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

२०. डॉक्टर म्हणाले, आता स्पर्धेत खेळता येणार नाही. पुढे काय?

स्वतःहून निवृत्त होणारा तयारी करून जातो. तुम्हाला एका वाक्यात बाहेर काढलं गेलं. त्याचा शोक करायला वेळ लागतो, महिने लागतात, आणि तो करू द्यावा. ताबडतोब 'प्रशिक्षक हो' म्हणणाऱ्यांना थांबवा. काहींना मैदानाजवळ राहून बरं वाटतं, काहींना वर्षभर मैदान दिसलेलंही सोसत नाही.

एक गोष्ट मात्र लगेच करा. डॉक्टरांच्या परवानगीने एखादा व्यायाम चालू ठेवा. पोहणं, सायकल, चालणं काहीही. ज्या शरीराला वर्षानुवर्षं रोज घाम गाळायची सवय होती ते अचानक बसवून ठेवलं तर मन लवकर काळवंडतं. निरोपाचाही विचार करा. शेवटचा सामना खेळायला मिळाला नाही ही सल अनेकांना राहते. संघासोबत एकदा ड्रेसिंग रूममध्ये बसणं, जर्सी घडी करून हातात घेणं, एवढ्यानेही ती थोडी हलकी होते.

२१. कुणाला सांगू नका, पण दुखापत झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मी कृतघ्न आहे का?

हा प्रश्न मला नेहमी चिठ्ठीवर किंवा रात्री उशिराच्या संदेशात येतो. नाही, तुम्ही कृतघ्न नाही. वर्षानुवर्षं निवड, वजन, गुण, अपेक्षा यांच्या दडपणाखाली राहिलेल्या माणसाला थांबायला जगाने मान्य केलेलं एकच कारण मिळतं, ते म्हणजे दुखापत. म्हणून सुटका वाटते. कधी ती फक्त थकव्याची असते. दोन महिने झोप झाली की चेंडूची आठवण येऊ लागते. कधी मात्र हा खेळ, ही पातळी किंवा हा प्रशिक्षक तुम्हाला फार पूर्वीपासून नकोसा झालेला असतो आणि सांगायची सोय नसते.

यातलं काय खरं आहे ते ओळखायला एक साधी खूण आहे. पूर्ण बरं झाल्याची बातमी डॉक्टर देत आहेत अशी कल्पना करा आणि छातीत काय होतं ते बघा. हायसं वाटलं तर उत्तर मिळालं. पोटात गोळा आला तर तो गोळा पुन्हा दुखापत होण्याच्या भीतीचा आहे (प्रश्न ८) की परत त्या आयुष्यात जाण्याचा, हे शोधायला हवं. ते शोधताना पहिल्यांदा बोला ते ज्याचं तुमच्या खेळण्यात काहीच गुंतलेलं नाही अशा माणसाशी. प्रशिक्षकाशी आणि घरच्यांशी नंतर, आणि शक्यतो परतीची तारीख ठरण्याआधी.